शिबिरातले दाजी

आमच्या दाजींइतका शिकलेला मास्तर सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. शिकलेला म्हणजे पदव्या मिळवलेला नव्हे, शिबिरात शिकलेला. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत नवा अभ्यासक्रम आला, नवं गणित आलं, विज्ञान प्रयोगातूनच शिकवायचं असं वर कुठेतरी ठरलं, आणि पाचवी ते सातवीच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी सुट्टी लागली रे लागली की शिबिरं भरू लागली. शिबिराचा हुकूम आला की बाकीचे मास्तर आजारी पडत. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मात्र हुकूम आला की बरे होत. एकदा तर टायफॉइडमधून नुकते उठले होते, तरी मोडनिंबच्या शिबिराला निघाले. अक्का दारात आडवी उभी राहिली, तर म्हणाले, "अगं, तितं थर्मामीटर शिकवणार हायत. माझा ताप कामाला येईल की!"

शिबिरातून परतलेले दाजी काही दिवस माणसांत नसत. नवं गणित शिकून आले तेव्हा त्यांना घरात जिथे तिथे संच दिसू लागले. चपलांचा संच, उशांचा संच, आयत्या वेळी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांचा संच (त्यात मी एकटाच), आणि साखरेचा डबा म्हणजे रिक्त संच. अक्का म्हणाली, "अहो, रिक्त हाय म्हणूनच सांगते, आधी रेशनच्या दुकानात जावा." दाजी गेले. रांगेत पुढच्या-मागच्यांना संच समजावता समजावता रांग पुढे सरकली, हे बाजूला राहिले आणि दुकानातली साखर संपली. रिकामा डबा घेऊन घरी आले ते प्रमेय सिद्ध झाल्याच्या आनंदात. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गुळाचा चहा प्यालो.

त्यांच्या शाळेला सरकारकडून विज्ञानाची पेटी मिळाली होती. पण ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असे. आतलं काही फुटलं तर जबाबदार कोण, म्हणून पेटी उघडायचीच नाही, ही त्या काळी बहुतेक शाळांची रीतच होती. त्यामुळे दाजींची प्रयोगशाळा अक्काच्या स्वयंपाकघरातून चाले. कंदिलाची काच, चहाची गाळणी, दोन पेले हे कायमचे शाळेत. मागावरच्या रिकाम्या कांड्या मुलं घरून आणत, त्यांच्या कप्प्या होत. एकदा अक्का पोळ्या करायला बसली तर लाटणं गायब. ते सातवी 'ब'मध्ये तरफ झालं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी भात खाल्ला. अक्का माझ्यासमोर त्यांना मनसोक्त बोलली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन लाटणी घेऊन आली.

शाळा सोलापूर गावाच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी. दाजींनी तेलुगूतला एकच शब्द नीट पाठ केला होता, 'एंदुकु', म्हणजे 'का'. तेवढ्यावर त्यांचा वर्ग चाले. बरोबर उत्तर आलं की त्यांचा चेहरा पडे. तास संपल्यासारखं वाटे त्यांना. चुकीचं उत्तर आलं की माणूस खुलायचा. लाकूड का तरंगतं असं विचारल्यावर एक पोरगी म्हणाली, "गुर्जी, झाड पाणी पितं. म्हणून लाकडाची पाण्याशी वळख हाय." दाजी त्या उत्तरावर दोन तास शिकवत राहिले. वळख आहे तर ओलं लाकूड जास्त तरंगायला हवं, मग आणा ओलं लाकूड! पुढे आठवडाभर ते मला हेच सांगत होते, एखाद्याला नातू झाल्यासारखे.

त्यांची एकच इच्छा होती. जिल्ह्यासाठी निवडतात त्या मार्गदर्शक शिक्षकांत आपलं नाव लागावं. "पावणं, एकदा मार्गदर्शक होऊ द्या मला," ते म्हणत. "करमाळ्यापासून अक्कलकोटापर्यंत एकेक शाळा गाठतो. पेट्या उघडायला लावतो आन् मास्तरांना सांगतो, बाबांनो, पोरांना चुकू द्या!" शिबिराच्या शेवटच्या दिवशी इच्छुकाने पाठ घ्यायचा, बाकीच्या शिक्षकांनी मुलं होऊन बाकांवर बसायचं आणि वरून आलेल्या साहेबांनी निवड करायची, अशी पद्धत होती. एका मे महिन्यात, सोलापुरातच पत्र्याच्या वर्गात भरलेल्या शिबिरात, दाजींची पाळी आली. मीही मास्तरच, म्हणून त्या शिबिरात होतो. माझ्याकडे घंटा देण्याचं काम होतं. अक्काने त्यांचा सदरा स्वतः इस्त्री केला होता.

दाजींनी पेला काठोकाठ भरला, वर पोस्टकार्ड ठेवलं आणि पेला उलटा केला. पाणी पडलं नाही. त्यांनी सवयीप्रमाणे डोळे बारीक करून विचारलं, "का पडंना?" बाकांवरची टक्कल पडलेली, मिशा पिकलेली सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "हवेच्या दाबामुळे, गुरुजी!"

पाठ संपला. अर्धा तास उरला होता. दाजींनी घाम पुसला. "आणखी काई कारण? कार्ड चिकटलं आसंल का?" "नाही, गुरुजी!" "पाणी आत गोठलं आसंल?" "नाही, गुरुजी!" साहेबांसमोर कोण चुकणार? दाजी पेला हातात धरून एकेका चेहऱ्याकडे पाहत होते. शेवटी काकुळतीने म्हणाले, "आरं, तुमच्यात एकाला बी चुकता येत न्हाय व्हय?" सगळा वर्ग हसला, साहेबही हसले. मला हसू आलं नाही. मी घंटा वेळेआधीच दिली. त्याहून दुसरं काही मला सुचलं नाही.

निवड दुसऱ्या एका मास्तरांची झाली. त्यांनी काटकोन काढला होता, आणि तो काटकोनच होता.

मला वाटलं, आता दाजी शिबिरांचं नाव काढणार नाहीत. पुढच्या सुट्टीत पुन्हा गेले. पण पाठ घ्यायला उठले नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसले. करमाळ्याकडच्या केम गावाहून आलेला एक नवा मास्तर थरथरत पाठाला उभा राहिला. त्याने पहिला प्रश्न विचारला, वर्ग एका सुरात बरोबर उत्तर देणार, तेवढ्यात मागून दाजी ओरडले, "न्हाय गुर्जी! मला पटंना!" आणि त्यांनी असं काही अस्सल चुकीचं उत्तर दिलं की त्या मास्तराला ते खोडायला फळा पुरेना. थरथर कुठच्या कुठे गेली. तो निवडला गेला. पुढे दर शिबिरात दाजी हेच करत राहिले, आणि दर वेळी साहेब शेरा मारत की हे शिक्षक विषयात कच्चे दिसतात, यांना पुन्हा प्रशिक्षणास पाठवावे. दाजी पुन्हा खुशीत ट्रंक भरत.

निवृत्त होईपर्यंत ते मार्गदर्शक झाले नाहीत. ते गेले तेव्हा जिल्ह्यातून बरेच मार्गदर्शक आले होते, आणि अक्कापाशी येऊन प्रत्येकजण हळू आवाजात एकच सांगत होता, की माझ्या पाठाला दाजी चुकले होते. अक्का प्रत्येकाला म्हणत होती, "व्हय, घरी येऊन सांगितलं होतं मला." आणि मग ती इतकी रडली की मला तिच्याकडे बघवेना.