केबलचं दुसरं टोक

"हालत नाय रे! ओढ अजून!"

खालून बिलिंगच्या ताई ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की तिकडे सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलेली माणसं दचकून टॉवेल शोधायला लागली असतील. मी वरच्या मजल्यावर निळी केबल धरून ओढत होतो. केबल कुठं जाते हे शोधायची आमची महाडची पद्धत हीच: एकानं वरून ओढायचं, दुसऱ्यानं खाली बघत बसायचं, काय हालतंय ते.

मुंबईच्या साहेबांनी नवं सॉफ्टवेअर पाठवलं होतं. ऑफिसातली प्रत्येक केबल कुठून निघते आणि कुठं शिरते, दोन्ही टोकं त्यात भरायची. एक जरी टोक रिकामं राहिलं तर समोर लाल ठिपका. आणि लाल ठिपका दिसला तर महाडचं काम पुण्याच्या कंत्राटदाराला, मी घरी. साहेब शनिवारी तपासायला येणार होते. म्हणजे खरं तर बायकापोरांना घेऊन हिरकणीवाडीला रायगडच्या रोपवेत बसायला चालले होते, वाटेत आमचा गळा कापणार होते.

शनिवार उजाडला. सगळे ठिपके हिरवे, ही निळीच तेवढी लाल. मी भिंतीला पाय लावला आणि असा हिसडा दिला, की रायगडाचा एखादा बुरूज असता तर खाली आला असता.

"अगो बाय, कपाट हाललं!" ताई.

धावत खाली गेलो. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या पायाला केबलचे वेढे, वर बैल बांधताना मारतात तसली गाठ. ही गाठ कुणाची ते विचारायची गरज नव्हती. आमचे शिपाईमामा पोलादपूरकडचे, घरी बैलजोडी. चहाची किटली घेऊन ते आले आणि सावकाश समजावलं: मागच्या पुरात हे कपाट तरंगत जाऊन दाराला आडवं बसलं होतं, खोलीत शिरायला भिंत फोडावी लागली. म्हणून यंदा बांधून टाकलं. सुतळी कुजते, ही वायर कुजत नाही.

"पण मामा, वरचं टोक नेटवर्कच्या स्विचमध्ये?"

"वर बांधाया काय नव्हतं. भोक रिकामं दिसलं, खटकन बसली."

सावित्री नदीच्या पुरात एवढं धूड एका प्लास्टिकच्या क्लिपेवर थांबणार होतं! सोडा म्हटलं, तर मामा म्हणाले, पावसाळा सरल्याशिवाय नाय. ताईंनीही मान डोलावली. खरं सांगू? पुराचं पाणी बघितलेला मीही महाडकरच. माझाही हात पुढे होईना. तेवढ्यात दारात साहेबांची गाडी वाजली.

मी जिन्यावरून उडत वर गेलो आणि सॉफ्टवेअरमध्ये नवं यंत्र नोंदवलं. नाव: कपाट. जागा: मागची खोली. पोर्ट: डावा पाय. लाल ठिपका गुपचूप हिरवा झाला.

साहेबांनी हिरवागार पडदा बघितला, पाठ थोपटली, काम महाडलाच राहू दे म्हणाले. बाहेर पोरं रोपवेसाठी हॉर्न बडवत होती. साहेब उठले आणि पडद्याकडे बघत थबकले.

"हे कपाट म्हणजे कुठलं डिव्हाइस? बंद का दाखवतंय?"

किटली घेऊन मागोमाग वर आलेल्या मामांनी साहेबांच्या हातात चहा दिला.

"पाणी चढलं की चालू व्हतं."