बिननावाच्या यंत्राचा साक्षीदार

"आदी बगा, मंग बोला," असं म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. प्रयोगशाळेत नवीन काहीही आलं, साधी काचेची नळी का असेना, की आमच्या या शिपायाचे हात आधी पाठीमागे जायचे. मान जरा तिरकी करून तो त्या वस्तूकडे पाहत राहायचा. तोवर पोरांनी ती नळी फोडलेलीही असायची.

मी पनवेलच्या त्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती आणि मला बी.एस्सी. होऊन दोन महिने. आपल्याला सगळं कळतं असं देशाला आणि मला, दोघांनाही वाटत होतं. हा शिपाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. उलव्याच्या बाजूच्या, मिठागराच्या एका गावातला आगरी. आठवडाभर शाळेच्या मागच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी दुपारी घराकडे चालू लागायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना सगळे 'अरे'च म्हणतात, आणि ती दोन दिवस रजेवर गेली की सगळ्यांचं अडतं.

त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बाटल्या सगळ्या ओळखू यायच्या. एकदा वर्गात बोलण्याच्या भरात मी न पाहताच एक बाटली उचलली. "मास्तर, आदी बगा," तो हळूच म्हणाला. पाण्याची समजून मी तीव्र आम्लाची बाटली धरली होती. पोरांना कळू नये म्हणून त्यानं दुसरी बाटली अशी पुढे केली, की जणू मी तीच मागितली होती. माझी लाज त्यानं अशी कितीदा झाकली, याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

शाळेची ती इमारत म्हणे पूर्वी कुठल्याशा सरकारी कचेरीची होती. तपासणीच्या आधी रंगसफेदी काढली तेव्हा प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत खिळे ठोकून बंद केलेलं एक कपाट उघडलं. आत एक सागवानी पेटी. पेटीत लाल मखमलीवर लिंबाएवढा पितळी गोळा, त्याच्या वर खुणा केलेली चपटी दांडी, खाली एक निमुळती खुंटी. शेजारी नऊ पितळी चकत्या, प्रत्येकीला एक खाच आणि एक आकडा. कागद नाही, नाव नाही.

आता नाव नसलेली वस्तू म्हणजे शाळेत केवढं संकट! आमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक वही होती. वहीत नाव नाही ती वस्तू शाळेत असता कामा नये, असा मुख्याध्यापकांचा खाक्या. वस्तू समोर ढळढळीत दिसत असली तरी वही खरी आणि डोळे खोटे. साहेब तपासणीला यायच्या आत तिला नाव तरी द्या, नाही तर मोडीत काढा.

मग शिक्षकांच्या खोलीत पंडितांची सभा भरली. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, हा गवंड्याचा ओळंबा, पण श्रीमंत गवंड्याचा. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी नऊ चकत्या मोजल्या आणि नवग्रह सापडल्याच्या आनंदात ते ज्योतिषाचं यंत्र ठरवलं. आणि मी? मी बी.एस्सी. मी सांगितलं, हा लंबक आहे, वजन बदलता येण्याजोगा. नववीच्या वर्गापुढे तो दोऱ्यानं टांगला, एकेक चकती अडकवून झोके मोजले. वजन कितीही असो, झोक्याला वेळ तेवढाच लागत होता, आणि पुस्तकात तर तसंच लिहिलंय! मुख्याध्यापकांनी दारातून पाहून "शाब्बास" म्हटलं.

तो तासभर भिंतीशी उभा होता, हात मागे. पोरं गेल्यावर म्हणाला, "मास्तर, उलटी टांगलीय."

"मग सुलटी कशी टांगायची?"

"टांगायची नसतेच. पान्यात सोडायची असते." त्यानं दार लोटून घेतलं. "हिनं दारू मापतात."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. इंग्रजांच्या राज्यात, तो वीस-बावीस वर्षांचा असताना, घरच्या लग्नासाठी त्यानं हातभट्टी लावली आणि पकडला गेला. त्याच सुमाराला सरकारी गुदामातली कडक दारू चोरीला गेली होती. ती हीच, असं पंचांनी ठोकून सांगितलं. आबकारीच्या साहेबानं अशीच पेटी उघडली आणि हे यंत्र त्याच्या मडक्यात सोडलं.

"पंच माजे भावकीतले," तो म्हणाला. "तरी खोटं बोलले. ही नाय बोलली. हिनं सांगितलं, ही दारू गुदामाची नाय, घरची हाय, निम्मं पानी. चोरी सुटली. भट्टीचा दीड महिना तेवडा भोगला."

गोळ्यावर बोट न टेकवता त्यानं त्याच्याकडे पाहिलं. "तुमी सांगा सगल्यांना. माजं नाव नको. दारूबंदी हाय, पोटावर येल."

वाचकहो, काम एवढंच होतं. जाऊन म्हणायचं, "माझं चुकलं, हा लंबक नाही." त्याच संध्याकाळी मी स्पिरिटच्या दिव्यातलं स्पिरिट घेऊन एकटाच करून पाहिलं, आणि त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. तरी मी गेलो नाही. "शाब्बास" ताजं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस घालवले. लोकांच्या ढोंगाचा मला पुष्कळ राग येतो, आणि आताही तो काढणारच आहे, पण सुरुवात घरापासून केलेली बरी.

शनिवारी शाळेच्या मंडळाची बैठक झाली. पेटी टेबलावर होती. अध्यक्षांनी मला विचारलं, "लंबक हे नक्की ना? वहीत शाईनं लिहायचंय."

"लंबक असावा," मी म्हणालो. "पण खात्रीनं सांगता येणार नाही."

"खात्री नाही तर मोडीत काढा," अध्यक्ष म्हणाले. तांबटाला आधीच बोलावून व्हरांड्यात बसवलं होतं. तो आत आला, त्यानं गोळा मखमलीतून उचलला आणि चकत्या धोतराच्या सोग्यात ओतल्या.

"थांबा," दारातून आवाज आला.

शिपाई बैठकीत बोलला! मुख्याध्यापकांचा चष्मा नाकावरून घसरला. तो मात्र आत आला, तांबटाच्या हातातून यंत्र घेतलं आणि काचेची दोन उभी भांडी मांडली, एकात पाणी, दुसऱ्यात स्पिरिट. खुंटीला एक चकती अडकवून पाण्यात सोडलं, तर दांडी वर राहिली. तीच चकती ठेवून स्पिरिटमध्ये सोडलं, तर यंत्र सरळ तळाला गेलं. हलकी चकती लावली आणि ते तरंगलं. कुठल्या चकतीवर कुठल्या खुणेपर्यंत बुडालं, त्यावरून दारूचा कस ठरतो, हे त्यानं चार वाक्यांत सांगितलं. माझ्या बी.एस्सी.च्या प्राध्यापकांनाही ते इतकं स्वच्छ जमलं नसतं.

"तुला रे कसं ठाऊक?" अध्यक्षांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला अजून सोसत नाही. पाहिलं असतं, तर कदाचित मी बोललो असतो. "मीच शिकवलं त्याला," इतकंच म्हणायचं होतं. मी मिठाची गुळणी धरून बसलो.

मग त्यानं भट्टी, पंच, दीड महिना, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "हिनं माजी बाजू घेतली व्हती. आज हिची कोन घेनार?"

अध्यक्षांनी यंत्राचं तोंडभरून कौतुक केलं. इतकी दुर्मीळ वस्तू पनवेलमध्ये दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल? ती काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. आणि त्याच दमात, पानाचा विडा या गालातून त्या गालात नेत, ते म्हणाले, "पण असला माणूस मुलांच्या शाळेत? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! हे कोण बोलत होतं? प्रकृतीच्या नावाखाली डॉक्टरांचा दाखला आणून सरकारी परवान्यावर घरी बाटली ठेवणारे गृहस्थ, आणि ते सगळ्या पनवेलला माहीत होतं. त्यांची ती बाटली म्हणजे औषध, आणि याची वीस वर्षांपूर्वीची, शिक्षा भोगून फेडलेली भट्टी म्हणजे कलंक. मडकं मापायला यंत्र आहे. असल्या माणसांचा कस मापायला कुणी काही काढलेलं नाही, काढलं असतं तर ते यंत्र पहिल्यांदा मोडीत गेलं असतं. आणि त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही. शास्त्रीबुवांनी नाही, चित्रकलेच्या मास्तरांनी नाही, मी तर नाहीच. सोमवारी शाळेमागची त्याची खोली रिकामी होती.

शिमग्याच्या सुमाराला मी त्याच्या गावी गेलो. तो मिठागरात घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होता. पायांना चिरा पडल्या होत्या. मला पाहून बांधावर आला. माफी मागायची म्हणून मी वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून फुटायच्या आत त्यानं विचारलं, "ती हाय ना, मास्तर?"

"आहे. काचेच्या कपाटात ठेवलीय."

"नाव लिवलं तिचं?"

"लिहिलं. छान कार्ड लावलंय."

"मंग जालं," तो म्हणाला, आणि फळी उचलून परत पाण्यात उतरला.

कार्डावर नावाखाली आणखी एक ओळ होती, ती मी त्याला सांगितली नाही. मुख्याध्यापकांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं: 'मद्यार्कमापक. ओळख पटवली: विज्ञान शिक्षक.' मी निवृत्त होईपर्यंत ते कार्ड तसंच होतं. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.