झापाआडची मोटर

तुमच्याकडचं घर गरम ठेवणारं यंत्र बंद पडलं तेव्हा तुम्ही फोनवर सांगितलंत की माणूस आला, जुना पंखा काढला, नवा बसवला आणि गेला. तासाभराचं काम. मी म्हणाले, आमच्याकडे एवढ्याच कामाला दीड दिवस लागला आणि त्या दीड दिवसात मी एका जागी दहा मिनिटंही बसले नाही. तुम्ही हसलात. तुमचे आजोबा शेजारीच ऐकत होते, म्हणून मी पुढचं बोलले नाही. ते आता लिहून सांगते.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आजोबांना हॉस्पिटलमधून घरी आणून तीन आठवडे झाले होते. त्यांचं हृदय थकलं आहे, छातीत पाणी साचतं आणि उकाडा वाढला की श्वास पुरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी अट घातली होती की त्यांची खोली सतत गार राहिली पाहिजे. आजोबांनीही मला एक अट घातली होती, की काहीही झालं तरी पुन्हा तिथं न्यायचं नाही. मी दोघांनाही हो म्हणून बसले होते. घरात एसी एकच.

मंगळवारी दुपारी मी त्यांना ताक द्यायला खोलीत गेले तर हवा कोमट लागली. मी मागच्या अंगणात गेले. एसीचा जो भाग बाहेर भिंतीला टांगलेला असतो, तो खोलीतला उकाडा ओढून बाहेर टाकतो, आणि टाकायला त्याच्या जाळीमागे एक पंखा असतो. तो पंखा उभाच होता. आतून नुसती घुरघुर येत होती. थोड्या वेळाने तीही थांबली.

आमच्या एसीचं काम बघणारा मिस्त्री देवरूखकडचा. पंधराएक वर्षं मुंबईत याच कामात काढून परत आला आहे. दोनच आठवड्यांपूर्वी तो सर्व्हिसिंग करून गेला होता. मी त्याला फोन लावला आणि नमस्कारही न करता विचारलं की तू काय बिघडवून ठेवलंस. तुमच्या आजीच्या तोंडी असं बोलणं शोभत नाही, पण मी बोलले. तो म्हणाला, येतो काकू, बघतो.

तो आला आणि जाळीकडे न बघता आधी जाळीसमोर बांधलेल्या झापांकडे बघत उभा राहिला.

झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेला आडोसा. पाऊस तोंडावर आला की आम्ही पश्चिमेच्या बाजूला, पडवीला, मागल्या दाराला झाप बांधतो, म्हणजे वाऱ्याबरोबर आत घुसणारं पाणी अडतं. माझी पावसाळ्याची तयारी इतरांच्या आधी होते, हे तुमच्या आईला विचारा. यंदा आजोबांच्या आजारपणात काही राहून जायला नको म्हणून मी मेच्या मध्यावरच सगळं उरकलं होतं. लाकडं आत, मसाले बरणीत, कौलं शाकारून झाली, आणि झाप बांधून झाले. यंदा दोन झाप उरले. समुद्राकडून येणारं खारं वारं त्या बाहेरच्या भागाचा पत्रा खातं, हे मला माहीत होतं. मग सर्व्हिसिंग झाल्यावर उरलेले दोन झाप मी त्याच्यासमोर बांधून घेतले. मध्ये वीतभर जागा सोडली होती. मला ती पुरेशी वाटली.

"काकू, हे कोणी बांधलंन?" त्याने विचारलं.

"मीच बांधून घेतले. खाऱ्या वाऱ्यासाठी."

"पडवीला बांधा हो. ह्याला कशाला? उकाडा टाकायचा कुठं त्यानं? टाकलेला झापाला आपटून परत येत होता, नि तोच परत गिळत होता बिचारा."

त्याने झाप सोडले, जाळी काढली आणि पात्याला बोटाने ढकललं. पातं जेमतेम इंचभर हललं. मोटरीला जळल्याचा वास येत होता, जुन्या फर्निचरला रोगण लावतात तसा. आधी त्याने मोटरीला सुरू व्हायला धक्का देणारा बाजूचा छोटा कपॅसिटर बदलून बघितला. काही फरक पडला नाही. मोटर गेली, तो म्हणाला. पातं मोटरीच्या दांड्यावर गंजाने इतकं घट्ट बसलं होतं की काढताना मधोमध तडकलं आणि एक पंख वेगळा झाला.

मी त्याला अंगणाच्या कडेला नेलं आणि सांगितलं की झापांचं आत बोलू नकोस. त्याने मान हलवली. फोनवर बोलले त्याची माफी मात्र माझ्याकडून तेव्हा मागून झाली नाही.

नवा एसीच घेऊ, असं तुमच्या बाबांनी फोनवर लगेच सुचवलं. मी चौकशी केली. ऐन हंगामात बसवायला माणूस तीन दिवस मिळणार नव्हता, आणि नव्या मापासाठी भिंतीला नवी भोकं पाडावी लागणार होती. चिऱ्याच्या भिंतीची ती लाल धूळ आजोबांच्या खोलीत चालणार नव्हती. कंपनीची अस्सल मोटर मुंबईहून यायला चार दिवस. मिस्त्रीकडे एका मोडीत निघालेल्या एसीची जुनी मोटर पडलेली होती. ती त्याने हातात घेऊन फिरवली आणि स्वतःच बाजूला ठेवली. आत काहीतरी खरखरत होतं. उरला बाजार. कोणत्याही एसीला चालते अशी मोटर मिळते, पण ती बघून घ्यावी लागते, असं तो म्हणाला. त्याला सकाळी देवरूखला काम होतं. दुपारनंतर येऊन बसवीन, तोवर तुम्ही आणून ठेवा, असं सांगून तो गेला.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. ते आजोबांचे जुने स्नेही. त्यांनी एका मिनिटातले श्वास मोजले, पाय दाबून सूज बघितली, एक गोळी वाढवली आणि मला पडवीत बोलावलं.

"वहिनी, उद्या संध्याकाळी मी परत येतो. तोवर खोली गार झाली नसेल तर मी तुम्हाला विचारणार नाही, ॲम्ब्युलन्स सांगीन."

खिडकीला ओल्या साड्या बांधल्या, बर्फाचं घमेलं पंख्याखाली ठेवलं. आजोबा उशांना टेकून बसून राहिले. आडवं होता येत नव्हतं त्यांना.

सकाळी शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून मी निघाले. पिशवीत जुनी मोटर, तुटलेलं पातं, शिवणकामाची टेप आणि एक कागद. मोटरीवरचा छापील कागद खाऱ्याने खाल्लेला होता. भिंग लावून मी जेवढं दिसलं तेवढं उतरवलं होतं: वॅट चाळीस, मिनिटाला फेरे आठशे आणि काही, पुढचे आकडे पुसलेले. त्याखाली मी मोजलेलं लिहिलं होतं. दांडा आठ मिलीमीटर, एका बाजूने चपटा. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत सोळा इंच. बसवायच्या भोकांमधलं अंतर. रिक्षात मी तो कागद तीनदा वाचला आणि तरी पुन्हा काढला.

दुकानदाराने कागद हातात घेतला, खालपासून वरपर्यंत बघितला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"काकू, मोटर न्यायला आलात की स्थळ बघायला? पत्रिकाच घेऊन आलात."

मी म्हटलं, नांदायला हवी तर पत्रिका बघावीच लागते. तो हसला आणि त्याने फळीवरून एक जड, चकचकीत मोटर काढली. चौदाशे फेऱ्यांची आहे, तुमच्या जुनीपेक्षा डबल वारा देईल, असं सांगू लागला. मला ती आवडली होती, खरं सांगते. जास्त वारा म्हणजे लवकर गारवा, असं मला वाटलं. तरी मी घरी फोन लावला. शेजारणीने आजोबांच्या कानाशी धरला.

मी फेरे सांगितले. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला.

"घेऊ नकोस," ते म्हणाले. मग थांबले. "जोरात फिरवलीस तर पातं जास्त हवा ढकलेल... मोटरीला पेलणार नाही. तापेल. परत जळेल."

'परत' म्हणजे झापांचं यांना कळलं की काय, असं वाटून मी फोन ठेवला.

मग नऊशेच्या आतली मोटर काढायला लावली. तशा दोन होत्या, दिसायला जुळ्या. दुकानदार म्हणाला, एक या अंगानं फिरते, एक त्या अंगानं, तुमची कुठल्या अंगानं? माझ्या कागदावर ते नव्हतं. मी सगळं मोजलं होतं, पण पंखा फिरतो कुठल्या दिशेने हे इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं, आणि आता जुनी मोटर फिरत नव्हती. उलट्या दिशेची नेली तर वारा बाहेर पडण्याऐवजी आत ओढला जाईल, हे मला दुकानदाराने सांगितलं. पुन्हा बाजारात येण्याएवढा वेळ नव्हता. बोलायला लावून त्यांचा श्वास खर्ची घालायचा नव्हता, पण मी पुन्हा फोन केला.

आजोबांनी विचारलं, "तुटलेलं पातं आहे? हात फिरव. कुठली कड खरखरीत लागते?"

प्रत्येक पंखाला दोन कडा. एक गुळगुळीत होती. दुसरीवर मीठ आणि धुळीचा थर दगडासारखा बसला होता.

"ती कड पुढं असते. वारा कापते ती... तिच्यावरच साचतं."

मी पातं जाळीच्या बाजूने जसं दिसतं तसं धरलं आणि खरखरीत कड पुढे ठेवून फिरवून बघितलं. प्रदक्षिणेच्या उलट जात होतं. दुकानदारही बघत होता. त्याने दोनातली एक मोटर मागे ठेवली, दुसरीच्या वायरी काउंटरवरच्या प्लगला लावल्या आणि दांडा त्याच दिशेने फिरतो ना, हे मला दाखवलं.

"कोण होते हो फोनवर?"

"आमचे मिस्टर."

"बोटीवर इंजिनात होते काय? मग मला कशाला त्रास दिलात, त्यांनाच पाठवायचं होतं."

मी होते म्हटलं, आणि सांगितलं की त्यांना येता आलं असतं तर मी आलेच नसते, आणि ही मोटर कशासाठी हवी आहे तेही सांगितलं. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही. पात्याच्या बाबतीत मी ॲल्युमिनियमच्या पात्याकडे बोट दाखवलं होतं, कारण ते तुटणार नाही असं वाटत होतं. त्याने ते परत टांगलं. किनाऱ्यावरचे हॉटेलवाले, पार आंजर्ल्या-मुरुडचेसुद्धा, आता ते नेत नाहीत, खाऱ्याने वर्षात पांढरी पूड धरते आणि या मोटरीला ते जडही होईल, असं म्हणाला. आतून त्याने प्लॅस्टिकचं सोळा इंची पातं आणलं आणि माझ्या तुटक्या पंखावर त्याचा पंख ठेवून दाखवला. पीळ तोच, कलही तोच. दांड्यावर घालून चपटी बाजू चपट्या बाजूला बसली तेव्हा बारीक टक् असा आवाज झाला. या मोटरीला लागणारा कपॅसिटर त्याने न मागता पिशवीत टाकला.

साडेअकराला मी घरी होते. मिस्त्री चारला आला. मधले साडेचार तास मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. घमेल्यातला बर्फ बदलला. पिशवीतून मोटर काढून मेजावर ठेवली, परत पिशवीत ठेवली. फाटकापर्यंत गेले. आजोबांच्या पायाला हात लावला, सूज गुडघ्याकडे चढली आहे की मलाच तसं वाटतंय, ते कळेना. त्यांनी डोळे मिटूनच मला खाली बसायला सांगितलं. मी बसले आणि उठले.

बसवायला अर्धा तासही लागला नाही. दोन भोकं जुळली, तिसऱ्यासाठी मिस्त्रीने पट्टी लावली. पातं गोल कडीच्या आत चारी बाजूंनी सारखं फिरतंय का, हे हाताने फिरवून पाहिलं. मग बटण दाबलं. पंखा आधी अडखळला, आणि मग पंख दिसेनासे झाले. मी मिस्त्रीला म्हणाले की काल फोनवर मी तुला उगाच बोलले, चूक माझी होती.

"राहू द्या हो काकू. झाप घेऊन जाऊ का? आमच्या गोठ्याला होतील."

घेऊन जा, म्हटलं.

मी खोलीत गेले. अजून गारवा नव्हता, पण हवा हलू लागली होती. आजोबांनी विचारलं, "झाप काढलेस?"

मला वाटलं मिस्त्री बोलला. मी तसं विचारलं.

"त्यानं कशाला सांगायला हवं. आठ दिवस कण्हत होती ती मोटर. मला इथून ऐकू येत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, पावसाआधी सगळं बांधून झालंय, आता काही उसकटायला लावू नका."

मी तसं म्हणाले होते. हातात याद्यांची वही होती आणि मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.  त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट प्याले आणि खिडकीवरच्या साड्या सोड, अंधार वाटतो, असं म्हणाले.

डॉक्टर साडेसहाला आले. दारातून आत पाऊल टाकताच त्यांनी एकदा एसीकडे बघितलं. मग खुर्ची ओढून आजोबांच्या छातीकडे बघत घड्याळ हातात धरलं. एक मिनिट झालं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आजोबांनी मध्येच डोळा उघडून, पास झालो का, असं विचारलं, तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

"आज राहू द्या इथंच," ते मला म्हणाले.

"आणि उद्या?"

"उद्या मी आहेच की. बघू."

त्यांना फाटकापर्यंत सोडून मी परत आत आले नाही. मागच्या अंगणात गेले आणि जाळीसमोर उभी राहिले. नवी मोटर जुनीपेक्षा थोडा जास्त आवाज करत होती. मी हात पुढे धरला. वारा गरम होता, चुलीवरचं झाकण काढल्यावर येतो तसा. खोलीतला उकाडा, आजोबांच्या अंगाभोवतीचा, माझ्या तळहातावरून बाहेर जात होता. हात घामाने ओला झाला तरी मी तो मागे घेतला नाही. आतून त्यांनी मला दोनदा हाक मारली, तेव्हा गेले.