चप्पल निघाली, पण पायाला कळलंच नाही

मंडळी, आपल्या कॅन्सरच्या ग्रुपवर आज मुद्दाम लिहिते.

माझा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, हे तुम्हाला माहीत आहेच. आज कंबरेला पट्टा बांधून केमोला निघाले. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई, सुनंदाताई. उस्मानपुऱ्यात रिक्षातून उतरून दवाखान्याकडं चालत होतो, तर ताई एकदम ओरडल्या, "अगं, चप्पल कुठंय तुझी?"

खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. चप्पल मागं, रिक्षातून उतरलो तिथंच पडलेली. रस्ता उन्हानं नुसता तापलेला.

"पोळलं नाय का गं?"

"नाय, ताई."

ताईंनी मागं जाऊन चप्पल आणली नि माझ्या पायात घातली.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाले, "अंगठा हलवतो. वर नेला की खाली, सांगा."

मी म्हटलं, "आधी धरा तर."

ते हळूच म्हणाले, "धरलाय."

लगेच एमआरआय झाला. मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबतेय, म्हणून पाय बधिर. केमो बाजूला ठेवून दुपारीच मणक्याला रेडिएशन दिलं. पाय पूर्ववत होईल का, विचारलं. "वेळेत आलात, बघू," एवढंच म्हणाले. मुंग्या आल्या, पाय जड वाटला तर घरी थांबू नका, हेही त्यांनीच सगळ्यांना सांगायला सांगितलंय.

आता वॉर्डात पडून आहे. ताई पाय चेपतायत. त्या चेपतायत की थांबल्यात, हे मला त्यांच्याकडं बघूनच कळतंय.

तुमच्यापैकी कुणाच्या पायाची जाणीव परत आली का? आली असेल तर सगळ्यात आधी काय जाणवलं, तेवढं सांगाल?