देवी डॉक्टरांच्या मुलाचा कोरा दंड

माझे वडील लोकांच्या मुलांना देवी टोचत. कुलाबा जिल्ह्यातली चौल-रेवदंड्याच्या बाजूची गावं त्यांच्याकडे होती. ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या थोडी अलीकडची. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा लांबलचक होता. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. पोरं ऐकेनाशी झाली की आया त्यांच्या नावानं भीती घालत. घरी मात्र ते दारातल्या कुत्र्यालाही मोठ्यानं हाड म्हणत नसत.

भाताची झोडणी उरकली की त्यांची फिरती सुरू होई. लस बेळगावहून टपालानं, काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. ती गार राहावी म्हणून आई ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवी. वडील गावात पोचायच्या आधी बातमी पोचलेली असे, आणि तान्ही मुलं असलेल्या बाया नेमक्या त्याच दिवशी माहेरी गेलेल्या असत. ज्या सापडत त्या निमूटपणे मूल पुढे करत आणि वडिलांची पाठ वळली की त्याचा दंड राखेनं चोळून काढत. फोड भरलाय का हे बघायला वडील आठव्या दिवशी परत जात, तेव्हा निम्मे दंड कोरे. मग ते ओटीवर बसून हा रोग किती भयंकर आहे, हे समजावून सांगत. बायांना सगळं पटे. पुढच्या वर्षी त्या पुन्हा माहेरी जात.

आमच्या घरात सरकारी हुकूम पहिल्यांदा बजावला गेला तो माझ्यावर. लोकांना उदाहरण हवं म्हणून मी सहा महिन्यांची असतानाच मला टोचलं. ते वण अजून आहेत. मी आठ वर्षांची असताना भाऊ झाला. त्यालाही वडिलांनी टोचलं आणि दुसऱ्या दिवशी ते फिरतीला गेले. दहा-बारा दिवसांनी परतल्यावर आईनं सांगितलं की फोड छान भरलेत, आता खपली धरलीय, उघडून बघू नका. इतरांच्या बायकांवर कधी विश्वास न ठेवणाऱ्या वडिलांनी स्वतःच्या बायकोवर ठेवला आणि वहीत 'यशस्वी' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात तपासनीस साहेब आले. चावडीवर मुलं थोडीच जमली होती. बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. साहेब म्हणाले, आधी तुमचं मूल दाखवा, म्हणजे लोकांना धीर येईल. वडिलांनी मोठ्या अभिमानानं मला आईला बोलवायला पिटाळलं. आई भावाला घेऊन आली, पण एवढ्याशा वाटेला तिला फार वेळ लागला. साहेबांनी स्वतः अंगड्याची बाही वर सारली. दंड लोण्यासारखा गुळगुळीत होता.

मग एक कोळीण पुढे आली. तिच्या कडेवर लेकीची पोर होती.

"बाई, तुमी पन पुसलंत व्हय?"

आईनं होकारार्थी मान हलवली. वडिलांनी हळू आवाजात विचारलं, का? चारचौघांत आई त्यांच्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिच्या वेळी तुम्ही टोचून फिरतीला गेलात. ती तापानं फणफणली होती. मी एकटी मांडीवर घेऊन बसले होते. काय करायचं ते सांगायलासुद्धा कोणी नव्हतं."

साहेब वहीत बघत राहिले. लोकांनी विरोध केला तर काय करावं याचे नियम होते. देवी डॉक्टरांच्या घरातूनच झाला तर काय, याचा नव्हता. शेवटी त्यांनी भावाला तिथल्या तिथं पुन्हा टोचायला सांगितलं. वडिलांनी लसीची नळी फोडली. आईनं भावाला धरलं आणि ती उघड रडली. कोळीण शेजारी बसली, तिनं भावाचे पाय धरून ठेवले. काम झाल्यावर तिनं आपली नात पुढे केली.

"आता हिला टोचा. पन ताप चडला तं मी तुमच्या बाईकडं येनार हाय, आदीच सांगते."

"ये," आई म्हणाली.

कोळीण आलीच, आणि तिच्यामागून बाकीच्याही आल्या. आठ दिवस आमची ओटी तापलेल्या मुलांनी भरलेली होती. आईला त्यांच्यापेक्षा जास्त काही कळत नव्हतं. ती कपाळावर ओली पट्टी ठेवी आणि उद्या उतरेल म्हणे. बहुतेकांचा उतरलाही. आणि सगळे दंड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे राख लावायची कुणाला सोयच राहिली नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून वडील आईला बरोबर नेऊ लागले. आम्ही सगळे होडीनं खाडी ओलांडून जात असू. वडील रोगाची माहिती सांगत तेव्हा बाया आईला विचारत असत, ताप कितव्या दिवशी चढतो.

भावाला दुसऱ्यांदा टोचलं त्या सालच्या कामाबद्दल वरून पत्र आलं. साहेबांच्या कडक देखरेखीमुळे लोकांत जागृती झाली, असं त्यात होतं. वडिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आई कोळंबी सोलत होती. चावडीवरच्या प्रकाराबद्दल काही लिहिलंय का, एवढंच तिनं विचारलं.

वडील नाही म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं पुढची कोळंबी उचलली.