ठिपक्यांचा खांब

कर्वेनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक अनोळखी मुलगी नखं कुरतडत रांगेत माझ्या मागे उभी होती. माझ्या पत्रकातल्या आलेखाची पहिली प्रत हातात आली. नळाच्या पाण्याचे हिरवे खांब आणि टँकरचे लाल, सगळे एकसारखे राखाडी! दुपारी पालिकेच्या साहेबांपुढे पाण्याची सुनावणी होती.

"रंगीत हवं तर रंगीत सांगायचं," दुकानदार म्हणाला.

"रंग काढा, रेघा भरा," ती म्हणाली आणि माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. नळाला तिरप्या रेघा, टँकरला जाळी. दर वेळी मागे सरून, डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा नख तोंडात.

"इथे खांबच नाही?"

"ती आमची वस्ती. पाणी किती येतं ते मोजायला कुणी फिरकलंच नाही."

"अहो, मग रिकामं कशाला सोडताय? म्हणतील, इथे काही प्रश्नच नाही!"

तिने तिथे वरपर्यंत नुसत्या ठिपक्यांचा खांब उभा केला आणि खाली लिहिलं, 'मोजलेलं नाही'.

सुनावणीत साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे ठिपके कसले?"

आमच्या वस्तीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.