मोहाच्या झाडाला साखळी

माझी पहिली सायकल गडचिरोलीत चोरीला गेली तेव्हा तिला कुलूप होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. कुलूप लावलेलं होतं, किल्ली माझ्या ओढणीच्या गाठीत होती आणि मी आत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल करत होते. मागच्या चाकाला असतं ते अर्धगोल कुलूप चाक फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम. सायकल उचलू देणार नाही, असं ते कधीच म्हणालेलं नसतं. चोराने मागचं चाक उचललं आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत नेली. समोरच्या रसवंतीवाल्याने त्याला जाताना पाहिलंही होतं.

"मले वाटलं पंक्चर हाय," तो म्हणाला. "मी त रस्ता करून देल्लो त्याले."

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि कुलूप विकत घेतलेलीही मीच पहिली. आमच्या घराला दार आहे, पण बाहेर जाताना त्याला फक्त एक काठी आडवी लावतात, तीही कुत्रं शिरू नये म्हणून. शिक्षणाने माझ्या घरात काय आणलं असं कोणी विचारलं तर पदवीच्या आधी कुलपाचं नाव घ्यावं लागेल.

पदवी घेऊन गावी आले आणि सिंदेवाहीतल्या एका खासगी तपासणी केंद्रात मला काम मिळालं. लोकांचं रक्त घ्यायचं, नळ्यांवर नावं डकवायची, यंत्र लावायचं. गावात बातमी अशी पसरली की मी डॉक्टर झाले. मी ती बऱ्याचदा दुरुस्त केली, मग कंटाळून सोडून दिली.

अडचण रस्त्याची होती. एसटी थांबते फाट्यावर, आणि गावापासून फाट्यापर्यंतचा सगळा रस्ता जंगलातून. आमच्या बाजूला वाघ आहे. आहे म्हणजे वनखात्याच्या पाटीवर आहे तसा नाही, खरोखरचा आहे. बाया सरपणाला जातात त्या घोळक्याने जातात आणि बोलत जातात. नवीन सायकल घेऊन दिली तेव्हा बाबांनी अट घातली.

"सायकल हाय तवरी जाय. पायदल यायचं काम नाई. ज्या दिवशी सायकल नसन, त्या दिवशी नोकरीबी नाई."

सायकलवरच्या माणसाला वाघ धरत नाही, असं बाबांचं मत आहे. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. तरी या मताला मी विरोध केला नाही, कारण माझी नोकरी त्याच मतावर उभी होती. सायकल गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. वाघाची काळजी बाबांनी घेतली होती, म्हणून मी चोराची घेतली.

सिंदेवाहीत एकाच प्रकारचं कुलूप मिळत होतं आणि त्याची चोरांशी जुनी ओळख होती. मी मोबाईलवर अभ्यास सुरू केला. परदेशातला एक दाढीवाला माणूस एकामागून एक कुलुपं ग्राइंडरने कापून दाखवायचा आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा. ते पाहून कोणतंच कुलूप घेऊ नये असं वाटे. मग लक्षात आलं, आमच्या फाट्यावर दिवसा लाईटच नसते. ग्राइंडर चालणार कशावर? पहिल्यांदाच लोडशेडिंग माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. त्या हिमतीवर सुट्टीच्या दिवशी चंद्रपूर गाठलं.

दुकानदाराने आधी वायरचं कुलूप काढलं.

"ताई, हे घ्या. आकडे फिरवायचे, किल्लीची कटकटच नाई."

"कापायला किती वेळ लागतो?"

"कापायचं काऊन? आकडे विसरले त इथी घेऊन या, मी खोलून देतो."

"तुम्ही कसं खोलणार?"

तो हसला. "आता आमाले नाई येनार त कोनाले येईन?"

हा त्याला आपल्या दुकानाचा मोठेपणा वाटत होता. मी ते कुलूप खाली ठेवलं. मग त्याने यू आकाराचं काढलं. ते भक्कम होतं, पण ते बारीक खांबालाच बसतं, आणि आमच्याकडे जे बारीक असतं ते हलत असतं. शेवटी मी वर टांगलेल्या साखळीकडे बोट दाखवलं. मनगटावर घेतली तर हात खाली जाईल अशी, वरून काळ्या कापडाची खोळ, आणि सोबत मुठीएवढं कुलूप.

"हिनं त लोक ट्रॅक्टर बांधते," तो म्हणाला. "तुमची सायकल कोनती हाय? गिअरवाली?"

"साधी."

"साधी?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साखळीकडे. "बरं हाय. सायकल गेली तरी साखळी त राह्यन."

मी साखळी घेतली.

आता ती कशाला बांधायची हा प्रश्न उरला. मी फाट्याची पाहणी केली. प्रवासी शेडचा खांब हाताने हलत होता. वाघांचा वावर आहे असं सांगणाऱ्या पाटीचा खांब वाळवीने खाल्ला होता, वाघाआधी तोच पडला असता. हातपंपाला बांधून पाहिली तर पाणी भरायला आलेली एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी पानी कुठून भराचं, तुया शीटवरून काय?" राहिलं शेडमागचं झाड. रस्त्याच्या कडेचं, बुंध्याला चुन्या-गेरूचे पट्टे मारलेलं, म्हणजे पाहताक्षणी सरकारी वाटणारं. झाड कोणी उचलून नेत नाही. मी साखळीचा वेढा घातला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि बसमध्ये निर्धास्त बसले.

सगळी थंडी छान गेली. संध्याकाळी उतरावं, सायकल सोडवावी, घरी जावं. साखळी इतकी जड होती की रोज घरी नेणं जमेना, म्हणून ती मी झाडालाच कुलूप लावून ठेवू लागले. टपरीवाले भाऊ रोज एकदा तरी विचारायचे, "मॅडम, झाड हाय ना जागेवर?" आणि आपणच हसायचे.

होळीच्या सुमाराला झाडाची पानं गळाली आणि फुलं सुरू झाली. ते मोहाचं झाड होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मोह ओळखायला आमच्याकडे कॉलेजात जावं लागत नाही. पण इतके दिवस मी त्याच्याकडे झाड म्हणून पाहिलंच नव्हतं, खांब म्हणून पाहिलं होतं. पिवळट, रसाळ फुलांचा सडा रोज सायकलभोवती पडायचा, कॅरिअरवर, शीटवर, मडगार्डवर. कोणी वेचत नव्हतं. कालची फुलं आंबायची, त्यांच्यावर आजची पडायची. फाट्यामागच्या टोल्यातल्या, म्हणजे त्या लहानशा वस्तीतल्या लोकांना आता मोहफुलांची गरज उरली नसेल, लोक सुधारले, असा मी मनाशी निष्कर्षही काढला.

मग एका संध्याकाळी बसमधून उतरले तर टपरीपाशी सगळे उभे, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या सायकलकडे. मला वाटलं, गेली. सायकल जागेवरच होती. तिच्या पुढच्या चाकाला पाठ टेकल्यासारखं एक अस्वल बसलं होतं आणि मन लावून फुलं खात होतं.

"भ्याचं नाई मॅडम," टपरीवाले भाऊ म्हणाले. "कुलूप मजबूत हाय. अस्वल नाई नेत सायकल."

हसायला सगळे होते. मला समोरचा रस्ता दिसत होता, आणि झाडांमागे गेलेलं ऊन. अजून थोडा उशीर झाला तर त्या रस्त्याने सायकलवरही जाता येणार नव्हतं, आणि बाबांच्या कानावर अस्वल गेलं तर उद्यापासून जायचीच गरज पडणार नव्हती. शेवटी भाऊंनी तेलाचा रिकामा पिपा बडवायला घेतला, बाकीच्यांनी हाकाटी केली, आणि अस्वल जेवणावरून उठवलेल्या पाहुण्यासारखं नाराज होऊन झुडपात गेलं. मी धावले. चोराला वेळ लागावा म्हणून घेतलेलं ते कुलूप. त्या दिवशी त्याने तो सगळा वेळ माझाच घेतला. किल्ली बसेना, बसली तर फिरेना, आणि नजर झुडपावरून हटेना.

"फुलं वेचत जा ना तुमी," भाऊ मागून ओरडले. "असा सडा पडू देता, मंग अस्वल येनारच."

"मी काऊन वेचू? माझी कुठली फुलं?"

"आता! झाड तुमचं नाई का? साखळी त तुमचीच हाय."

पायडल मारता मारता मला समजलं, आणि अस्वलाची भीती मागे पडून लाजच वाटली. मोहाचा हंगाम आला की आमच्याकडे बुंध्याला काहीतरी बांधतात. पळसाच्या सालीची दोरी, चिंधी, गवताचा वेढा. बांधलं की ते झाड त्या हंगामापुरतं त्या घराचं. मग त्याखालचं एक फूल दुसरं कोणी उचलत नाही. लहानपणी मी स्वतः आईसोबत असे वेढे बांधले आहेत. आणि इथे हंगामाच्या कितीतरी आधीपासून मी दुसऱ्याच्या झाडाला रात्रंदिवस लोखंडाचा वेढा घालून ठेवला होता, वर कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघाले आणि फाट्यामागच्या पहिल्या घरी गेले. तिथल्या म्हातारीचं ते झाड असं भाऊंनी सांगितलं. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

"आजी, रस्त्यावरचं मोहाचं झाड तुमचं आहे ना?"

"होतं," ती म्हणाली, पाखडणं न थांबवता.

"मी ते घेतलं नाही. मी फक्त सायकल बांधत होते."

"सायकल त सांजेले घरी जाते. साखळी काऊन राह्यते रातभर?"

"जड आहे म्हणून."

"जड हाय म्हनूनच त कोनी बोललं नाई. दोरी असती त मी तोडून फेकली असती न् तुया घरी येऊन भांडली असती."

मी किल्ली काढली आणि म्हटलं, आत्ताच साखळी सोडते. तशी म्हातारी सूप ठेवून उठली.

"राहू दे, राहू दे. घाई कायची हाय?"

मग बसवून, चहा टाकून तिने खरं ते सांगितलं. "माया दिराच्या घरचे दरसाल मायाआधी उठते न् अर्धा मोहा झाडून नेते. दोरीले कोन इचारते? यंदा एक फूल नाई उचललं त्याईनं. सरकारी साखळी हाय म्हनते." तिला हसू आवरेना. "तू साखळी ठेव. सायकल काड."

"आणि सायकल कुठे ठेवू?"

"मायाइथी, आंगनात. कोन नेते?"

मी सायकल अंगणात आणली आणि सवयीने मागच्या चाकाचं कुलूप लावायला वाकले. म्हातारी पाहत होती. "लाव, लाव. मंग माया चुलीलेबी लावून जाय एक." मी कुलूप न लावता किल्ली त्यातच राहू दिली.

तर असा सगळ्या अभ्यासाचा निकाल लागला. चंद्रपूरहून आणलेली ट्रॅक्टरची साखळी मोहफुलांना दिरापासून वाचवू लागली. म्हातारी पहाटे झाडाखालचा पाचोळा झाडायची, टोपली भरायची, आणि दिराकडचं कोणी रस्त्याने गेलं की कुलूप उगाच हलवून पाहायची. अस्वलाला काही उरत नव्हतं. आणि माझी सायकल मोकळी, शीटवर कोंबडी.

चोरी झाली असं कोणी म्हणू शकणार नाही. फक्त सायकल दिवसा अंगणात नसायची. दळणाला जायची, दुकानात जायची, एकदा म्हणे पाहुण्यांना आणायलाही गेली होती. संध्याकाळच्या बसच्या आत मात्र परत असायची, हा म्हातारीचा शब्द होता.

हंगाम संपता संपता एक दिवस बस आली, मी उतरले, आणि अंगण रिकामं.

"आजी, सायकल कुठे आहे?"

"येऊन राह्यली."

"कुठून?"

"बाजारातून. मोहा इकाले गेला जवाई."

मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. झाडांच्या शेंड्यांवरचं ऊन गेलं. टपरी बंद झाली. आज इथीच राह्य, भात टाकतो, असं म्हातारी दोनदा म्हणाली, आणि मला बाबांची अट आठवत राहिली. अशा वेळी चोर परवडतो असं वाटलं. चोरावर निदान रागावता तरी येतं. जावई आला तो आरामात, कॅरिअरवर मिठाचं पोतं घेऊन.

"मस्त चालते मॅडम तुमची सायकल," तो उतरत म्हणाला. "लोड घेते."

मी जंगलातून कशी आले ते मला नीट आठवत नाही. गावाच्या तोंडाशी बाबा टॉर्च घेऊन उभे होते, सोबत शेजारचे दोघे कुऱ्हाडी घेऊन.

"उशीर काऊन झाला?"

"सायकल बाजारात गेली होती."

"एकटीच?"

शेजारचे हसले. बाबा हसले नाहीत. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, झाड, साखळी, म्हातारी, दीर, जावई. अस्वल तेवढं गाळलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे कुलूप झाडाले, न् सायकल मोकळी."

"हो."

"न् तू एवढी शिकली."

 उद्याचं काय, हे विचारायचा धीर होत नव्हता. घराशी आल्यावर त्यांनी वाकून टॉर्चच्या उजेडात मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, एकदा, पुन्हा एकदा.

"हवा कमी हाय मागं," ते म्हणाले. "लोड घेतला त्यानं. सकाळी भरून घेजो, नाईतर बस चुकन तुई."